दात घडतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. इथे येणाऱ्या आया, आज्या, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि कॉलेजातली मुलं जे विचारतात, ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत खाली दिले आहेत. दाताला कीड लागली की लोक पेस्ट बदलतात. पण दात डागाळलेला निघाला, किंवा आलाच नाही, की घरातलं पहिलं बोट आईकडे वळतं: तिनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं. दात खरोखर कसा घडतो हे घराघरात कळलं तर ते बोट खाली येईल अशी माझी खात्री आहे. काही उत्तरं त्यासाठीच लांबली आहेत.

लेकराचे दात कवा बनाले लागतात? सहा महिन्याचं झाल्यावरच ना?

सहाव्या महिन्यात दात दिसतो. बनायला तो पोटातच लागलेला असतो. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना, म्हणजे पुष्कळ बायांना दिवस गेल्याची खात्री नुकती कुठे झालेली असते तेव्हा, होऊ घातलेल्या जबड्यावरच्या अस्तराची एक पट्टी जाड होते. आठव्या आठवड्याच्या सुमारास त्या पट्टीवर कळ्या धरतात. चौथ्या महिन्यात दुधाच्या दातांत खनिज साचायला लागतं आणि बाळ जन्मतं तेव्हा वीसही दुधाच्या दातांचं काम हिरडीखाली चालू असतं. त्याच सुमाराला कायमच्या पहिल्या दाढेतही खनिज भरू लागतं. ती दाढ तोंडात दिसते मात्र सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, आणि ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. अक्कलदाढा सोडल्या तर बाकीच्या कायमच्या दातांचे वरचे भाग साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून पुरे होतात. एवढं वेळापत्रक ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

दात म्हणजे हाडच ना?

नाही. मोडलेलं हाड जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. दाताच्या वरचं इनॅमल वजनाने ९६ टक्के खनिज आहे आणि त्यात एकही पेशी नाही. त्याखाली डेंटिन, सगळ्यात आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला जिवंत गाभा, आणि मुळाभोवती सिमेंटमचा पातळ थर. हे थर वेगवेगळ्या पेशी घालतात.

प्रत्येक पेशीत जनुकं सारखीच असतात. मग एक पेशी इनॅमल घालते आणि दुसरी डेंटिन, हे कोण ठरवतं? (बी.एस्सी.च्या मुलांचा प्रश्न)

या पानावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

दात दोन ऊती मिळून घडवतात. वरची ऊती म्हणजे तोंडाचं अस्तर. खालची ऊती दुरून आलेली असते. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू तयार होत असताना त्यांच्या कडेच्या काही पेशी सुटतात आणि सरकत सरकत चेहऱ्याच्या जागी येतात. त्यांना न्यूरल क्रेस्टच्या पेशी म्हणतात. अस्तराच्या पेशींकडून पुढे इनॅमल होतं. डेंटिन, गाभा, सिमेंटम आणि दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू खालच्या पेशींकडून होतात.

सुरुवातीला यांपैकी कोणाचंच काम ठरलेलं नसतं. ते ठरतं दोघांच्या देवाणघेवाणीतून. एक पेशी प्रथिनाचा रेणू बाहेर सोडते, तो शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतो, आणि त्या पेशीच्या केंद्रकात काही जनुकं चालू तर काही बंद होतात. दाताच्या कामात अशा संदेशरेणूंची चार मोठी घराणी आहेत: एफजीएफ, बीएमपी, हेजहॉग आणि विंट. यांतला एकही रेणू फक्त दातासाठी राखलेला नाही. हेच रेणू हातापायांची बोटंही घडवतात, केसही आणि मूत्रपिंडंही. रेणू तोच असला तरी तो कुठे सुटला, किती सुटला आणि ऐकणाऱ्या पेशीने आधी काय ऐकलं होतं, यावर परिणाम ठरतो.

उंदरांवरच्या कामातून जो क्रम उलगडला तो थोडक्यात असा. आधी अस्तर बोलतं. त्याच्याकडून बीएमपी-४ आणि एफजीएफ-८ सुटतात आणि खालच्या पेशींत एमएसएक्स-१ व पॅक्स-९ ही नियंत्रक जनुकं जागी होतात. १९९३ मध्ये हेलसिंकीच्या इर्मा थेस्लेफ यांच्या गटाने बीएमपी-४ मध्ये भिजवलेले बारीक मणी नुसत्या खालच्या ऊतीवर ठेवले, तर अस्तर नसतानाही तिच्यात एमएसएक्स-१ जागं झालं. मग उलटी पाळी येते. जाग्या झालेल्या खालच्या पेशी स्वतः बीएमपी-४ बनवून वर पाठवायला लागतात, आणि कळी पुढे वाढते. १९९४ मध्ये एमएसएक्स-१ निकामी केलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांचे दात कळीच्याच पायरीवर अडलेले दिसले.

कळीची टोपी होते, टोपीची घंटा. ही त्या पायऱ्यांची रूढ नावं आहेत. घंटेच्या पायरीवर अस्तराच्या आतल्या थराकडून संदेश आला की त्याला लागून असलेल्या खालच्या पेशी विभागणं थांबवतात, लांबट होतात आणि ओडोंटोब्लास्ट बनतात. त्या डेंटिनचा पहिला पातळ थर घालतात. तो पडला की समोरच्या अस्तरपेशींची पाळी: त्या अमेलोब्लास्ट होतात आणि डेंटिनवर इनॅमल चढवायला लागतात. आधी डेंटिन पडल्याशिवाय इनॅमल पडत नाही, आणि अस्तराच्या संदेशाशिवाय डेंटिन घालणारी पेशीच तयार होत नाही. मला विचाराल तर सगळ्या शरीरशास्त्रात इतकी सुंदर अदलाबदल दुसरी नाही. परीक्षेत ‘पेशींचं विभेदन’ म्हणून जे दोन ओळींत लिहिता, ते हेच.

मग दोघांत पहिला कोण? अस्तर की खालची ऊती?

पहिला संदेश अस्तराचा. १९८७ मध्ये मीना आणि कोलर यांनी उंदराच्या गर्भातल्या जबड्याचं कोवळं अस्तर, एरवी कधीही दात न देणाऱ्या दुसऱ्या भागातल्या ऊतीवर ठेवलं, आणि तिथे दात घडले. एक-दोन दिवस जास्त वयाच्या गर्भातलं अस्तर घेतलं तर मात्र हे होत नाही. तोवर अधिकार खालच्या ऊतीकडे गेलेला असतो. त्या वयाची खालची ऊती उंदराच्या पायाच्या कातडीखाली ठेवली तरी दात घडतो.

कोंबडीला दात येऊ शकतात का, हेही मुलं विचारतात. १९८० मध्ये कोलर आणि फिशर यांनी कोंबडीच्या गर्भाचं अस्तर उंदराच्या दाढेखालच्या ऊतीशी जोडलं आणि दातासारखी रचना मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे कोंबडीच्या जनुकसंचात इनॅमलची जनुकं मोडकी सापडली, त्यामुळे त्या प्रयोगातल्या इनॅमलविषयी शंका घेतली गेली. पण २००६ मध्ये कोंबडीच्याच एका उत्परिवर्तित गर्भात दातांचे छोटे सुळके आढळले. पक्ष्यांनी दात टाकून कोट्यवधी वर्षं झाली, तरी दात सुरू करण्याची पहिली क्षमता त्यांच्या जबड्यात अजून शिल्लक आहे.

पुढचा दात चपटा आणि दाढेला टेकाडं, असं का?

जबड्याच्या पुढच्या भागातल्या अस्तरात बीएमपी-४ जास्त असतं, मागच्या भागात एफजीएफ-८. मागच्या भागात एफजीएफमुळे बार्क्स-१ हे जनुक चालू होतं. पुढे बीएमपी त्याला दाबून ठेवतं. १९९८ मध्ये लंडनमधल्या पॉल शार्प यांच्या गटाने उंदराच्या गर्भाच्या पुढच्या जबड्यात बीएमपीला अडवणारं नॉगिन हे प्रथिन सोडलं. बार्क्स-१ पुढेही जागं झालं, आणि कृंतकाच्या, म्हणजे पुढच्या चपट्या दाताच्या, जागी दाढेच्या आकाराचा दात घडला.

टेकाडांची गोष्ट वेगळी आहे. टोपीच्या पायरीवर अस्तराच्या मधोमध पेशींची एक घट्ट गाठ बनते. तिला इनॅमल नॉट म्हणतात. ही गाठ एफजीएफ, बीएमपी, विंट आणि सॉनिक हेजहॉग हे सगळे संदेश सोडते. आजूबाजूच्या पेशी त्यांच्यामुळे भराभर विभागतात, पण गाठीतल्या पेशी स्वतः विभागतच नाहीत. लग्नाच्या मांडवात मधला खांब जागचा हलत नाही आणि कापड चारी बाजूंनी खाली उतरतं, तसं होतं: गाठीची जागा टेकाडाचा माथा होते. काम झालं की गाठीतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात. दाढेत अशा दुय्यम गाठी ज्या जागी उभ्या राहतात, त्या जागी टेकाडं येतात.

झिजलेलं इनॅमल पुन्हा येतं का? टीव्हीवर तर पेस्टवाले सांगतात.

नवीन इनॅमल येत नाही. अमेलोब्लास्ट दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. ती पेशी शरीरात पुन्हा होत नाही. फ्लोराइडच्या पेस्टने सुरुवातीच्या पांढऱ्या डागात खनिज परत भरतं, एवढंच. लहान भोक पेस्टने भरत नाही.

डेंटिनचं तसं नाही. ओडोंटोब्लास्ट गाभ्याच्या कडेला जन्मभर राहतात आणि कीड आत सरकू लागली की आतून थोडं डेंटिन घालून बचाव करतात. शार्प यांच्याच गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या दातात विंटचा संदेश वाढवणारं औषध स्पंजवर ठेवून हा बचाव वाढवता येतो हे दाखवलं. आपल्या दवाखान्यात ते आलेलं नाही. तोवर कीड लहान असतानाच भरून घ्या, म्हणजे ही पेशी वाचते.

दुधाचे दोन दात पडले, पण त्याच्या जागी नवे आलेच नाही. काय झालं?

आधी एक्स-रे. कधी दात हिरडीत अडकलेला असतो, कधी मुळातच घडलेला नसतो. अक्कलदाढा सोडून एखादा-दुसरा कायमचा दात न घडणं शंभरात साधारण पाच-सहा जणांत दिसतं. खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा कृंतक हे त्यात नेहमीचे. वर सांगितलेली साखळी कुठेतरी तुटलेली असते. एमएसएक्स-१, पॅक्स-९ आणि डब्ल्यूएनटी-१०ए ही यातली ओळखीची जनुकं. बहुधा आईबापांपैकी कोणाचा तरी दात असाच कमी असतो आणि त्यांना ते आजवर माहीतच नसतं.

एक-दोन दात कमी असतील तर घाबरण्याचं कारण नाही. जागा टिकवणं, दुधाचा दात शक्य तितका सांभाळणं आणि वय भरलं की कृत्रिम दात बसवणं, हे सगळं होतं. पण सहा किंवा जास्त कायमचे दात नसतील तर दातांपुरतं पाहून थांबू नका. २००४ मध्ये फिनलंडच्या एका कुटुंबात एएक्सआयएन-२ या विंटच्या साखळीतल्या जनुकात बिघाड सापडला. त्या घरात दातही कमी होते आणि मोठ्या आतड्याचा कर्करोगही होता. तुमच्या घरात असे दोन्ही धागे असतील तर डॉक्टरांना दोन्ही सांगा.

पोट्ट्याले घाम येत नाही आन् दातही कमी हायेत. दोन्हीचा काही संबंध असते का?

असतो, आणि आपल्या भागात हा संबंध जिवावर बेतू शकतो. हे उत्तर आशाताईंनी नक्की वाचावं.

दात, केस आणि घामाच्या ग्रंथी तिन्ही गर्भाच्या वरच्या अस्तरातून घडतात, आणि तिघांच्याही सुरुवातीला ईडीए नावाचा संदेशरेणू लागतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं तर मुलाचे दात मोजकेच येतात, तेही सुळ्यासारखे टोकदार, केस विरळ आणि भुरके, कातडी कोरडी, आणि घाम जवळजवळ नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. चार पिढ्यांत दहा पुरुषांना अगदी थोडे दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात कातडीचा त्रास. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्याने टिपलं होतं. जनुक सापडलं १९९६ मध्ये.

मुलगे पूर्ण बाधित होतात. आईत खुणा पुसट असतात, एखादा दात कमी किंवा अंगाचा एखादा पट्टा घाम न येणारा. जनुक आईकडून आलं म्हणजे आईचा दोष झाला असं नाही. पुष्कळदा तिच्या आईकडून, आजोबांकडून आलेलं असतं, आणि कधी ते त्या बाळातच नव्याने बिघडलेलं असतं. ज्या घरात यावरून सुनेला बोललं जातं, तिथे हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

आता चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ च्या वर. घाम नसलेल्या बाळाला अंग थंड करण्याची नैसर्गिक सोयच नाही. असं बाळ दर उन्हाळ्यात तापाने फणफणतं आणि तपासण्यांत काही सापडत नाही. उष्णता साठून चढलेला ताप तापाच्या औषधाने उतरत नाही, अंग थंड करावं लागतं: ओलं फडकं, पंखा किंवा कूलर, वारंवार पाणी, भर दुपारी घराबाहेर नाही. शाळेत पाण्याची बाटली, ओली टोपी आणि मैदानाच्या तासाला सावली मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या. सोबत जंतुसंसर्गही असू शकतो, म्हणून दवाखाना चुकवू नका.

दातांसाठी तीन-चार वर्षांच्या वयापासून छोटी कवळी देता येते. मूल चावून खातं, स्पष्ट बोलतं आणि शाळेत तोंड लपवत नाही. जबडा वाढतो तशी कवळी बदलावी लागते. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघे इथल्या दंत महाविद्यालयात बालदंतविभाग आहेत.

आणि एक खरी आशेची गोष्ट. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी बाळ पोटात असतानाच गर्भजलात ईडीएचं बदली प्रथिन सोडल्याचं प्रसिद्ध केलं. ती मुलं जन्मल्यावर घाम गाळू शकली. घामाच्या ग्रंथी घडण्याच्या नेमक्या दिवसांत संदेश पोचला, म्हणून हे साधलं.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटला, असं सासू म्हणते.

ग्रहणाचा काहीही संबंध नाही. वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन बाजूंनी येऊन जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. जुळणारे भाग ज्या संदेशांवर वाढतात, त्यांत दात घडवणारेही आहेत. एमएसएक्स-१ मध्ये बिघाड असलेल्या काही कुटुंबांत म्हणूनच फाटलेला टाळू आणि न घडलेले दात एकत्र दिसतात. फाटीच्या शेजारचा बाजूचा कृंतक नसणं हे तर नेहमीचं.

शस्त्रक्रिया होते आणि चांगली होते. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा, त्यांच्या यादीत हा दोष आहे.

बाळ दात घेऊनच जन्मलं. आता मामाले काही होईन का? आन् वरचे दात आधी आले तं?

मामाला काही होत नाही. दोन-तीन हजार बाळांत एक बाळ असं जन्मतं. बहुतेक वेळा तो खालचा पुढचा दुधाचाच दात असतो, फक्त लवकर वर आलेला. फार हलत असेल, गिळला जाण्याची भीती असेल किंवा बाळाच्या जिभेखाली जखम होत असेल तरच काढावा लागतो. नाहीतर राहू द्या, तो काढला तर त्या जागी दुधाचा दुसरा दात येणार नाही. वरचे दात आधी येणं हाही साधा फरक आहे.

दात वर येतो तो मुळाच्या जोराने ढकलला जाऊन, असं पूर्वी समजत. १९८० च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाताभोवतीची पिशवी तशीच ठेवून आत दाताऐवजी धातूचा नमुना बसवला, तर तोसुद्धा ठरल्यासारखा वर आला. वाट करून देण्याचे संदेश ती पिशवीच देते: वरचं हाड विरघळवणाऱ्या पेशींना बोलावते आणि रस्ता मोकळा होतो. पहिला दात वर्षापर्यंत आला तरी चालतं. पंधरा महिने उलटले तर मात्र दाखवून घ्या.

आमच्या पोट्टीचे पुढचे दात चट्ट्याचे, तपकिरी काहून आले? ते तं रोज घासते.

घासण्याचा दोष नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत खोल बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. खडकातून ते पाण्यात उतरतं. पाण्याला चव नाही, रंग नाही, वास नाही, त्यामुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत राहतात.

अमेलोब्लास्ट दोन टप्प्यांत काम करतात. आधी प्रथिनांचा मऊ साचा घालतात, त्यात मुख्य प्रथिन अमेलोजेनिन. मग तेच प्रथिन कापून, शोषून बाहेर काढतात आणि त्या जागी खनिज भरतात. जास्त फ्लोराइड असलं की प्रथिन निघायला उशीर होतो, खनिज पुरतं भरत नाही आणि इनॅमल आतून सच्छिद्र राहतं. दात निघताना पांढुरके चट्टे असतात, मग खाण्यापिण्याचा रंग त्या छिद्रांत शिरून तपकिरी होतो. हे घासून जात नाही. राखेने, विटकरीच्या भुकटीने घासणं तर तातडीने बंद करा.

इथे वेळापत्रक कामी येतं. पुढच्या कायमच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं नाजूक, बाकीच्यांसाठी आठव्या वर्षापर्यंत. पंचवीस वर्षांच्या माणसाने तेच पाणी प्यायलं तर त्याच्या दातांवर नवे चट्टे येत नाहीत, पण हाडांवर परिणाम होऊ शकतो. गावात शुद्ध पाण्याचं एकच साधन असेल, तर त्यातलं पहिलं पाणी आठ वर्षांखालच्या लेकरांना आणि गरोदर बायांना. ग्रामसभेत हा ठराव घ्यायला पैसे लागत नाहीत.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. ग्रामपंचायतीमार्फत तपासणी करून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. आरओने कमी होतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली. उथळ विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी पुष्कळदा बोरिंगपेक्षा बरं ठरतं, पण तेही तपासूनच.

आलेल्या डागांवर उपाय आहेत: वरचा पातळ थर घासून काढणं, ब्लीचिंग, दाताच्या रंगाचा लेप. लग्न ठरण्याच्या वेळी घाईने येतात मुली. आधी या, स्वस्तात होतं. आणि फ्लोराइडची पेस्ट सोडू नका, फक्त तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच लावा आणि थुंकायला शिकवा.

आमी खारपाणपट्ट्यातले. पाणी खारं हाये म्हणून दात असे होतात का?

खारेपणा म्हणजे क्षार, फ्लोराइड ही वेगळी गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्यात फ्लोराइड कमी असू शकतं आणि केळापूरकडच्या गोड पाण्यात जास्त. जिभेवर भरवसा ठेवू नका, तपासणी करा.

दिवस गेले असताना कोणत्या गोष्टीनं लेकराच्या दाताले धोका असते?

टेट्रासायक्लिन गटातली औषधं नकोत. ती घडणाऱ्या दातात बसतात आणि कायमचा करडा-पिवळा रंग देतात. आठ वर्षांखालच्या मुलांनाही म्हणूनच ती शक्यतो देत नाहीत. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी गरोदरपणी कधीच नाही, ती जीवनसत्त्व अ च्या जातीची आहे आणि चेहऱ्याच्या घडणीतले संदेश बिघडवते.

खर्रा आणि गुडाखू सोडा. तंबाखूने बाळ कमी वजनाचं, कमी दिवसांचं जन्मतं, आणि दिवस न भरलेल्या बाळांत इनॅमलचे दोष जास्त दिसतात. फॉलिक ॲसिड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, त्या घ्या. ‘बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं’ हे खरं नाही, आईचे दात घडून झालेले असतात.

पडलेला दात उंदराच्या बिळात टाकला तं नवा मजबूत येते म्हणते. खरं हाये का?

टाका, मुलांना मजा वाटते. दातावर परिणाम नाही, तो आधीच घडलेला आहे. पण उंदराचा दात खरंच थोर आहे. त्याच्या पुढच्या दातांच्या बुडाशी मूळपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी घडत राहतात त्या, जन्मभर टिकतात आणि एफजीएफ-१० हा संदेश त्यांना टिकवून ठेवतो. म्हणून कितीही कुरतडलं तरी दात वाढतच राहतो. आपल्या दातात ती सोय संपलेली असते.

उंदराच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे मोकळी जागा असते. तिथेही गर्भात दाताच्या कळ्या धरतात, पण स्प्राउटी नावाची जनुकं एफजीएफचा संदेश दाबतात आणि त्या कळ्या विरतात. २००६ मध्ये ही जनुकं काढून पाहिली तेव्हा त्या मोकळ्या जागेत दात आले. बैलजोडी घेताना दोन दाती, चार दाती, सहा दाती पाहणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो नेहमी विचारतो, बैलाला वरचे पुढचे दात का नसतात. कोणत्या जागी दात घडू द्यायचा नाही हेही गर्भातच ठरतं, एवढं उत्तर मी मनापासून देऊ शकते.

म्हातारपणी पुन्हा दात उगवन्याचं औषध निंघालं म्हणते.

निघालेलं नाही, तपासणी सुरू झाली आहे. यूएसएजी-१ नावाचं प्रथिन बीएमपी आणि विंट या दोन्ही संदेशांना लगाम घालतं. क्योतोच्या कात्सु ताकाहाशी यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की या प्रथिनाला प्रतिपिंडाने, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाने, अडवलं तर उंदरांत न घडलेले दात घडतात. २०२४ मध्ये क्योतोच्या रुग्णालयात ३० ते ६४ वर्षांच्या पुरुषांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली. तिचा हेतू औषध सुरक्षित आहे का हे पाहणं. पुढे ज्यांचे दात जन्मतः कमी आहेत अशा मुलांसाठी ते वापरण्याचा विचार आहे. खर्ऱ्याने गेलेल्या दातांसाठी त्याची वाट पाहू नका.

दुधाचा दात मूळपेशींच्या बँकेत ठेवावा का? एजंट आला होता.

पैसे देऊ नका. दुधाच्या दाताच्या गाभ्यात मूळपेशी असतात हे २००३ मध्ये सिद्ध झालं आणि संशोधनासाठी त्या मोलाच्या आहेत. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त नाळेच्या रक्ताच्या व्यावसायिक बँकेला मुभा आहे, दाताच्या नाही. तेवढ्या पैशांत लेकराच्या सहा वर्षांच्या चारही दाढा सील करून होतात.

तपासणीला येताना काय आणावं?

लसीकरणाचं कार्ड, आधीचे एक्स-रे असतील तर ते, आणि गरोदरपणात व पहिल्या वर्षात घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. दात कमी असतील तर आई, बाप आणि जमल्यास आईच्या माहेरचं कोणीतरी सोबत या, त्यांचेही दात पाहावे लागतात. डागांसाठी येत असाल तर लेकरू पहिल्या तीन वर्षांत कोणत्या गावात राहिलं आणि तिथलं पिण्याचं पाणी कुठलं होतं, ते आठवून ठेवा. आजोळी वाढलेली लेकरं पुष्कळ असतात, तेव्हा तिथल्या बोरिंगचं पाणी स्वच्छ धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत लिटरभर भरून, बाहेर गावाचं नाव लिहून घेऊन या.